किलियन गवंड्याचे वरंबे

किलियन हुम्मर हा गवंडी. आमच्या गावातल्या निम्म्या भिंती त्याच्या हातच्या. भिंतीला ओळंबा लावायच्या आधी तो एक डोळा मिटून नुसता बघायचा आणि म्हणायचा, डावीकडं झुकलीय केसभर. मग ओळंबा लावला की ती खरंच तेवढी झुकलेली निघायची. असल्या माणसाचेच डोळे जावेत, यात देवाची काय मसलत होती ते त्यालाच ठाऊक.

एकदम गेले नाहीत. मधोमध एक डाग आला, शाई सांडल्यासारखा, आणि हळूहळू पसरत गेला. कडेचं तेवढं दिसायचं. माणूस समोर आला की त्याचं तोंड नाहीसं व्हायचं आणि कान तेवढे उरायचे. शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरनं सांगून टाकलं की आता हे असंच राहणार, वाढेल पण कमी होणार नाही. किलियननं ते कुणाला कळू दिलं नाही. तो कानांवरून आणि चालीवरून माणसं ओळखायला शिकला. रस्त्यात कुणी हाक मारली की आधी हसायचा, आवाज ओळखायला तेवढाच वेळ मिळायचा.

बायको वाल्बुर्गा मागंच गेलेली. एकुलता एक मुलगा नोर्बर्ट वुर्ट्झबुर्ग शहरात विम्याच्या कचेरीत. घरात किलियन एकटा, आणि घरामागच्या रेताड तुकड्यात अस्परागसचे, त्या जमिनीतून वर येणाऱ्या कोंबांच्या भाजीचे, तीन वरंबे. ते त्यानं आणि वाल्बुर्गानं मिळून घातलेले. मुळं लावली की पहिली दोन-तीन वर्षं नुसतं बघत बसायचं असतं, एक कोंब तोडायचा नाही. वाल्बुर्गा म्हणायची, पोटुशीला जपावं तसं जपावं लागतंय याला. एकदा धरलं की मग पंधरा-वीस वर्षं घर सोडत नाही. दुसरीकडं हलवायचं मात्र नाव काढायचं नाही. जुनं मूळ उपटून नेलं की मेलंच म्हणून समजायचं.

त्या वर्षी ईस्टरला नोर्बर्ट आणि सून सिल्के आले. किलियननं कॉफी केली आणि कपात ओतायची ती टेबलावर ओतली. वर म्हणाला, टेबल वाकडं झालंय. सिल्केनं फडकं आणून पुसून घेतलं. नोर्बर्टनं उठून चुलीपाशी जाऊन बघितलं. भिंतीवर जळाल्याचा काळा पट्टा होता. खिडकीच्या पडद्याचा खालचा कोपरा नव्हताच.

मग ते बोलणं निघालं. शहरात म्हाताऱ्या माणसांसाठी एक आश्रम आहे, स्वच्छ आहे, खोलीला बाल्कनी आहे, दोघांना रोज येऊन जाता येईल. किलियननं सगळं ऐकून घेतलं. डोळे चांगले आहेत म्हणाला. नोर्बर्टनं विचारलं, मग समोरच्या घड्याळात किती वाजले ते सांगा. किलियननं चर्चच्या घंटेचा अंदाज धरून वेळ सांगितली. जवळजवळ बरोबर निघाली, पण घड्याळ गेल्या हिवाळ्यापासून बंद होतं.

तेव्हा किलियन म्हणाला, "सात आठवड्यांनी पेन्टेकॉस्टचा सण हाय, त्याला या. माझ्या हातानं कापलेला, माझ्या हातानं सोललेला, माझ्या हातानं शिजवलेला अस्परागस तुमच्या ताटात वाढतो. आंधळ्याला जमायचं काम न्हाई ते, तुलाबी ठावं हाय. त्यात खोट निघाली तर घेऊन जा मला."

नोर्बर्ट त्याच रेतीत खेळून वाढलेला. ते आंधळ्याचं काम नव्हे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो कबूल झाला.

आमच्याकडचा अस्परागस पांढरा. उजेड बघायच्या आत तो कापायचा असतो. म्हणून रेतीचे गुडघाभर उंच वरंबे घालायचे, संध्याकाळी ते थापीनं काचेसारखे गुळगुळीत करायचे आणि पहाटे जाऊन भेगा शोधायच्या. कोंब खालून डोक्यानं रेती उचलतो आणि वरंब्याला केसासारखी भेग पडते. तिथं बोटं घालून उकरायचं, कोंबाच्या अंगाअंगानं लांब सुरी खाली न्यायची आणि बुडात तोडायचा. खड्डा बुजवायचा, पुन्हा थापी. किलियन आपली गवंडीकामाचीच थापी वापरायचा. म्हणायचा, जल्मभर भेगा बुजवल्या, आता भेग पडावी म्हणून थापी मारतोय.

भेग हुकली की कोंब डोकं बाहेर काढतो. ऊन लागलं की त्याचं मुंडकं दुपारपर्यंत जांभळं, पुढं हिरवं. चवीला काही वाईट नसतो. पण आमच्या गावात जांभळ्या मुंडक्याचा कोंब म्हणजे उशिरा उठणाऱ्या घराची निशाणी. तो कुणी बाजारात मांडत नाही आणि पाहुण्याच्या ताटात तर नाहीच नाही.

हंगाम लागला. किलियन झुंजूमुंजूला टोपली घेऊन वरंब्यापाशी उभा राहिला, आणि वरंबा त्याला दिसला तो धुक्यातल्या मेंढीसारखा. भेगबिग काही नाही. तो गुडघ्यावर बसला आणि तळहात फिरवून बघू लागला. पण गवंड्याचे ते हात. चुन्यानं आणि सिमेंटनं जन्मभर खाल्लेले. गरम तवा उचलला तरी त्या हातांना उशिरा कळायचं, केसासारखी भेग कुठून कळणार? त्यानं मनगट लावून बघितलं, कोपर लावून बघितलं. शेवटी आडवा झाला आणि गाल टेकला.

गालाला कळलं. जिथं रेती किंचित उचललेली होती तिथं गार हवा लागत होती. असा तो वरंब्याच्या कडेनं रांगत, गाल टेकत टेकत पुढं सरकला. एका वरंब्याला इतका वेळ लागला की तिसऱ्याशी पोचेतो ऊन डोक्यावर. आणि मधले किती हुकले त्याचा पत्ता त्याला नव्हताच.

कुंपणापलीकडं बाबेट राहते. वाल्बुर्गाची जिवाची मैत्रीण, नवरा गेल्यापासून कोंबड्या पाळून असलेली, जीभ मिरचीची. तिनं एक दिवस न्हाणीच्या खिडकीतून बघितलं तर किलियन वरंब्यावर तोंड टेकून पडलेला. ती तशीच सपाता फटफटवत कुंपणाच्या फटीतून आत आली.

"मेलास का रं किलियन?"

"न्हाई. कोंब हुडकतोय."

"गालानं?"

किलियन उठून बसला. एका गालाला रेती चिकटलेली. बाबेटनं त्याच्याकडं बघितलं, त्यानं तिच्या कानाच्या रोखानं बघितलं, आणि तिला सगळं उमगलं. ती शेजारी वरंब्याच्या पायाशी टेकली. किलियननं तिला नोर्बर्टला दिलेला शब्द सांगितला. मग किलियननं बजावलं की नोर्बर्टला यातला शब्द कळता कामा नये.

"मी कशाला सांगू," बाबेट म्हणाली. "तुझं कोंबच सांगायला लागल्यात. टोपलीत बघ की. बिशपाच्या जांभळ्या टोप्या घालून बसल्यात."

"समदी?"

"समदी न्हाईत. काही काही."

"कंची?"

ती बोट दाखवायला गेली आणि तिचं बोट हवेतच राहिलं. टोपली दे, रोज निवडून देते, असं ती म्हणाली. किलियननं टोपली मागं ओढली. माझ्या हातानं म्हणून शब्द दिलाय, शेजारणीच्या डोळ्यांनी कापायचं तर मग माझं घर राहिलं कुठं, म्हणाला. मग तिनं सुचवलं की मोठ्या शेतांवर टाकतात तसं काळं प्लास्टिक टाक, खाली उजेडच जात नाही, मुंडकी पांढरीच राहतात. त्याच्यावर तर तो भडकलाच. आमच्या गावच्या खानावळीत बसून त्या प्लास्टिकला मढ्यावरचं कापड म्हणणारा पहिला माणूस तोच. आता तेच आपल्या परसात पसरायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हसायला बोलवायचं, त्यापेक्षा आश्रम काय वाईट? असं तो बोलला आणि टोपली उचलून आत गेला.

पेन्टेकॉस्टच्या आधीचे पाच-सहा दिवस त्यानं कापलेला सगळा माल ओल्या फडक्यात गुंडाळून तळघरात ठेवला. सणाच्या आदल्या संध्याकाळी तो स्वैपाकघरात सोलायला बसला. सोलणं त्याला छान जमायचं. मुंडक्याखालून बुडाकडं सालकाढणं ओढत जायचं, अंगठ्यानं चाचपायचं, एक दोरा मागं ठेवायचा नाही. हे काम डोळे मिटूनही होतं. पण मुंडकं सोलता येत नाही. मुंडक्याचा रंग तसाच राहतो.

त्यानं एकेक कोंब दिव्यापाशी धरून, डोळा तिरका करून, कडेच्या नजरेनं बघितला. सगळे राखाडी. नाकाशी धरला. जिभेवर ठेवला. जांभळ्याची चव थोडी कडसर असते म्हणतात, पण दुसरा चाखावा तर पहिल्याचीच जिभेवर राहते. दिवा आणखी जवळ घेतला तर भुवयांचे केस करपले. बाहेर अंधार पडत आला. टोपली तशीच भरलेली. कोणते गोरे आणि कोणते टोपीवाले, हे त्याच्याच घरात, त्याच्याच कोंबांनी त्याला सांगायचं नाकारलं.

मग त्यानं सुरी घेतली आणि सगळ्यांची मुंडकी उडवली.

आमच्याकडं मुंडकं म्हणजे कोंबाचा जीव. पोरं आधी मुंडकं खातात. सोयरीक जमवायला आलेल्या पाहुण्याला मुंडक्याकडची बाजू वाढतात. मुंडकी उडवून नुसते देठ वाढणं म्हणजे लग्नाला बोलावून नवरा-नवरी न दाखवता वऱ्हाडाला घरी धाडणं. हे किलियनला कळत नव्हतं असं नाही. पण बुडत्याला काठी आणि साप सारखेच लागतात हाताला.

दुसऱ्या दिवशी टेबल मांडलं. उकडलेले बटाटे, हॅमचे पातळ काप, वितळलेलं लोणी, सिल्व्हानर द्राक्षांच्या वाइनची बाटली. आणि मधोमध मोठ्या लांबट ताटात पांढरेफेक, सरळ, एका मापाचे देठ, विटांसारखे रचलेले. गवंड्यानं रचलेले.

नोर्बर्टनं ताटाकडं बघितलं. सिल्केनं नवऱ्याकडं बघितलं.

"मुंडकी कुठं आहेत, बाबा?"

"सूप केलं त्याचं," किलियन म्हणाला. "आमच्या आजीची पद्धत. पाहुण्यांना निस्तं देठ."

"सूप कुठं आहे?"

त्याला सूप करून ठेवायचं सुचलंच नव्हतं. सिल्के सावरायला म्हणाली की देठ फार कोवळे दिसतायत, आणि तिनं दोन वाढून घेतले. नोर्बर्ट उठून मागच्या दारानं परसात गेला. आमच्या घरांत कचरा कुठं टाकतात हे त्याला सांगावं लागत नव्हतं. परत आला तो ओंजळ भरून मुंडकी घेऊन. ती त्यानं स्वच्छ टेबलक्लॉथवर ओतली. काही जांभळी होती. बरीचशी दुधासारखी पांढरी.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. हळूच बोलला.

"यातली निम्म्याहून जास्त पांढरी आहेत, बाबा. तुम्हाला दिसलीच नाहीत."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जांभळी दोन-चार तशीच ताटात आली असती तर नोर्बर्टनं हसून खाल्ली असती, उशिरा उठलात वाटतं म्हणाला असता. किलियननं टेबलावर हात फिरवला, एक मुंडकं चिमटीत धरलं आणि ते कोणत्या रंगाचं आहे असं विचारलं. सिल्केनं सांगितलं, पांढरं. त्यानं ते खाल्लं.

जेवण झाल्यावर तारीख ठरवायची गोष्ट निघाली. किलियनचा सगळा ताठा गळालेला. एकच मागणं केलं त्यानं.

"कापणी चालू असताना माणूस हलवत न्हाईत, नोर्बर्ट. तेवढी संपू दे."

नोर्बर्टनं मान डोलावली, मग ध्यानात आलं की ती दिसणार नाही, म्हणून तोंडानं म्हणाला, "ठीक आहे. कापणी संपली की."

त्याच्या मनात संत योहानाचा सण होता. गावातल्या कुठल्याही पोराला विचारा, जूनच्या अखेरीला योहानाची होळी पेटते आणि त्या दिवशी सुरी म्यानात जाते. 'चेरीला आली लाली, सुरी ठेवा खाली,' असं म्हणत पोरं होळीभोवती नाचतात. त्यापुढं एक कोंब तोडायचा नाही. उरलेले वाढू द्यायचे, त्यांचा माणसाएवढा हिरवा पिसारा होऊ द्यायचा, म्हणजे तो ऊन पिऊन मुळाला पोसतो आणि पुढच्या वर्षाची बेगमी होते. हा नेम मोडणारा माणूस आमच्या गावात कुणाला आठवत नाही. दुभत्या गाईचं कातडं सोलून विकल्यासारखं ते.

योहानाची होळी झाली. किलियन ती बघायला आला नाही. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बाबेटला न्हाणीच्या खिडकीतून दिसलं, तो वरंब्यावर गाल टेकून पडलेला. हातात सुरी.

ती या वेळी धावली नाही. कुंपणापाशी जाऊन उभी राहिली.

"किलियन, कालच होळी झाली."

"झाली असंल."

"मुळं मरतील."

"नोर्बर्ट म्हणलाय, कापणी संपली की," किलियन म्हणाला आणि बोटं रेतीत घातली. "अजून संपलेली न्हाई."

बाबेट सांगते, त्या वेळी तिला त्याला शिव्या घालाव्याशा वाटल्या. वाल्बुर्गाच्या हातची मुळं ती. पण ती मागं फिरली. परत जाऊन कोंबड्यांना दाणे टाकले.

खानावळीत बोलणं सुरू झालं. कुणी म्हणालं म्हाताऱ्याला भ्रम झाला, कुणी म्हणालं पोराच्या हाती काही लागू नये म्हणून वाफा मारतोय. किलियननं तिकडं जाणंच सोडलं. दर संध्याकाळी वरंबे थापीनं गुळगुळीत करायचा, दर पहाटे गाल टेकायचा. गालाची कातडी सोलून निघालेली. कोंब बारीक होत गेले. अंगठ्याएवढे होते ते पेन्सिलीएवढे, मग विणायच्या सुईएवढे. मुळं आपल्या पोटातलं शेवटचं काढून वर पाठवत होती आणि तो ते तोडत होता. जांभळं की पांढरं हा प्रश्नच राहिला नव्हता. असले कोंब शिजवून खाण्यासारखेही नव्हते. ओल्या फडक्यात गुंडाळून तो ते ठेवायचा, पुरावा म्हणून.

नोर्बर्टचा रविवारी फोन यायचा. झाली का कापणी, विचारायचा. चाललीय, किलियन सांगायचा. नोर्बर्ट बरं म्हणून ठेवून द्यायचा. तो या गावचा पोरगा, त्याला काय चाललंय ते पहिल्याच फोनला कळलं होतं. बाबेटनं मागाहून त्याला विचारलं, तेव्हाच येऊन का नाही थांबवलंस? तो म्हणाला, शब्द दिला होता. आणि मग म्हणाला, येऊन सांगणार काय होतो, की कापू नका, मुळं जगवा, आणि चला माझ्याबरोबर?

जुलै अर्धा सरल्यावर एका सकाळी तिन्ही वरंब्यांवर काही लागलं नाही. किलियननं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. उजवा गाल सोलला होता म्हणून डावा टेकला. सगळा दिवस गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. वरंबे संध्याकाळी थापून ठेवले तसेच सकाळी गुळगुळीत, कुठं कड उचललेली नाही. जन्मभर ज्यानं बिनभेगांच्या भिंती बांधल्या त्याला आता बिनभेगांचा वरंबा मिळाला.

रविवारी नोर्बर्ट फोन न करता आला. घर उघडं, आत कुणी नाही. परसात गेला तर किलियन गुडघाभर रेतीत उकिडवा. वरंबे राहिलेच नव्हते, सगळी रेती इकडंतिकडं. तो सुरी खाली खुपसत होता, फिरवत होता, ओढत होता. शेजारी टोपली. टोपलीत मुळांचे तुकडे. जाड, मांसल, पिवळट, बोटांसारखे. काहींना अजून रस सुटत होता.

पावलं ओळखून किलियन म्हणाला, "ये. बघ टोपली. चाललीय अजून."

नोर्बर्ट खाली बसला. टोपलीत हात घालून त्यानं एक मूळ उचललं आणि परत ठेवलं. मग बापाच्या मुठीवर आपला हात ठेवला. किलियननं सुरी घट्ट धरली. नोर्बर्टनं ओढली नाही, नुसता धरून राहिला. कुंपणापलीकडं बाबेट उभी होती, ती म्हणते की बराच वेळ दोघं तसेच बसले होते, एका सुरीला धरून, आणि मग किलियनची बोटं आपली आपण उघडली.

"संपली," तो म्हणाला.

सामान फार नव्हतंच. थापी घेऊ का असं नोर्बर्टनं विचारलं. कशाला, किलियन म्हणाला. ती अजून त्याच्या परसातल्या रिकाम्या गोठ्याच्या भिंतीला टांगलेली आहे, गंजलेली.

बाबेट पुढच्या मे महिन्यात आश्रमात त्याला भेटायला गेली होती. दुपारचं जेवण चाललं होतं, अस्परागसच होता, कुठल्या तरी प्लास्टिकखालचा. किलियननं काटा-सुरी बाजूला ठेवली होती. एकेक कोंब हातात घ्यायचा, अंगठ्यानं टोकापर्यंत चाचपायचा, मुंडकं जागेवर आहे ना ते बघायचा, आणि ताटात परत ठेवायचा. बाबेट शेजारी बसून खा म्हणाली, गार होतंय. तो म्हणाला, समदी गोरी हायेत का गं? तिनं न बघताच सांगितलं, समदी. त्यानं ताट तिच्याकडं सरकवलं आणि हात रुमालाला पुसले.

त्या वसंतात परसात काही उगवलं नाही. बाबेटनं कुंपणाची फट बुजवली नाही. ऊन चढलं की तिच्या कोंबड्या तिथून आत शिरतात आणि त्या रेतीत खड्डे करून अंग घोळत बसतात. मोकळी, कोरडी रेती. त्यांना तसलीच लागते.